‘कॉक बंद कर’ : नकोशा नायकाच्या एका खेळगोष्टीचं प्रकरण

लातूरच्या एका मुलाने ट्वाइन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट लिहिली. नाव ‘खेप’. सेहेचाळीस पानं, वाचायला पाऊण तास. नायक पाण्याचा टँकरवाला, काळ २०१६ चा उन्हाळा. मोबाइलवर एक पान उघडतं, खाली एक-दोन ओळी निळ्या अक्षरांत असतात, त्यातल्या एकीवर बोट ठेवलं की गोष्ट पुढे सरकते. आम्ही याला आपसांत खेळगोष्ट म्हणतो. ती सात जणांना वाचायला दिली. सातांपैकी पाच जणांनी ती एकाच पानावर सोडली. त्या पानावर पुढे जायला एकच ओळ होती : ‘कॉक बंद कर.’

मी अंबाजोगाईला मराठी शिकवते. अशा गोष्टी लिहिणाऱ्या चार-सहा मुलांचं लिखाण वाचून देते, त्यांना वाचक मिळवून देते. त्या एका ओळीभोवती आमचे चार महिने गेले. ते तपशिलात लिहून ठेवते आहे, कारण मराठीत वाईट माणसाची खेळगोष्ट लिहायला बसणाऱ्याला हा पेच आज ना उद्या पडणारच.

गोष्टीमागचा माणूस

२०१६ साली लेखक तेरा वर्षांचा होता. त्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, म्हणजे लातूरचा नळच कोरडा पडला होता. मार्च महिन्यात पाणी भरायच्या जागांवर गर्दी आणि हाणामाऱ्या टाळण्यासाठी १४४ कलम लावलं गेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. देशभराच्या लक्षात राहिली ती रेल्वे. गल्लीबोळांतल्या माणसांच्या लक्षात राहिले ते टँकर : सरकारी, संस्थांचे, आणि पैसे घेऊन पाणी विकणारे खासगी.

या मुलाच्या चुलत्याचा, तात्यांचा, असा एक ट्रॅक्टर-टँकर होता. शहराबाहेर शिवारात त्यांचं बोअर होतं, ते आटता आटता तगलं होतं. शाळेला सुट्टी लागली तशी हा पोरगा टँकरवर पाईप धरायला जाऊ लागला. तात्या उधारी देत नसत. पैसे हातात पडल्याशिवाय पाईप खाली सोडू देत नसत. बायकांवर खेकसत. आणि रात्री घरी आल्यावर या पोराच्या पायाला लागलेलं ट्रॅक्टरचं ऑइल स्वतः रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढत.

पहिल्या भेटीत तो मला म्हणाला, “ताई, तात्या वाईट नव्हते.”

मी विचारलं, “मग चांगले होते?”

बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, “नाही. चांगले पण नव्हते. तेच लिहायचंय.”

त्या उत्तरासाठी मी हे काम घेतलं.

ते पान

पहिल्या खर्ड्यात ते पान असं होतं :

‘गल्लीच्या टोकाला म्हातारी उभी आहे. हातात स्टीलचा हंडा. टाकीत अजून हजारभर लिटर पाणी आहे. ती म्हणते, “दादा, एक हंडा तरी द्या.” तू तिच्याकडे बघत नाहीस.

कॉक बंद कर.’

वाचकांना मी एवढंच सांगितलं होतं की गोष्ट कुठे सोडाविशी वाटली ते कळवा. माझी परभणीची चुलत बहीण शेजारी बसूनच वाचत होती, त्यामुळे तिचं बोट मला दिसत होतं. ट्वाइनमध्ये गोष्टीचे वेगवेगळे साचे असतात. लेखकाने हार्लो नावाचा साचा वापरला होता, त्यात डाव्या कडेला मागे जायचा बाण असतो. बहिणीने ती ओळ वाचली आणि बाण दाबला. आधीचं पान पुन्हा वाचलं. दुसरी वाट आहे का पाहिलं. परत पुढे आली. पुन्हा बाण. असं तीनदा करून तिने मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, “मी नाही बाई बंद करणार.”

लातूरच्या एका दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरने कळवलं की एवढा नालायक माणूस पाऊण तास सहन करायचा तर त्याचं मला काय मिळणार ते आधी सांगा. उदगीरच्या निवृत्त गुरुजींनी वहीचं एक पान भरून लिहिलं. त्यातलं महत्त्वाचं हे, की नायक दुष्ट असायला हरकत नाही, पण त्याची दुष्टाई माझ्या अंगठ्याने का करवून घेता? नांदेडचा एक मुलगा, जो मोबाइलवर बंदुकीचे खेळ तासन्‌तास खेळतो, त्यानेही इथेच सोडलं. मला त्याचं नवल वाटलं. त्या खेळांत तो शेकडो माणसं मारतो. त्याला विचारलं तर म्हणाला, “तिथं कुणी हंडा घेऊन उभं नसतं.”

पाचव्या वाचक लातूरच्याच एक मावशी. त्यांच्याकडे शेवटी येते.

कॉलेजची दोन मुलं तेवढी शेवटपर्यंत गेली. त्यांनी सांगितलं की दाबायला एकच ओळ होती म्हणून दाबली. असं दाबणं मी वाचणं धरत नाही.

नायक नकोसा, एवढ्याने गोष्ट अडत नाही

लेखकाचा पहिला निष्कर्ष होता की लोकांना तात्या आवडले नाहीत, म्हणून गोष्ट पडली. हा निष्कर्ष मला पटला नाही. पटला नाही याचं कारण पैठणचं आहे.

सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली. त्यात भवानीला रोडगा कबूल करून सासरच्या एकेकाचा काटा काढून मागणारी एक सून आहे. सासरा, सासू, जाऊ, नणंद, कुणी तिच्या तोंडून सुटत नाही, आणि शेवटी तिला एकटीला राहायचं आहे. याहून नकोशी नायिका शोधून सापडायची नाही. तरी आपल्या गावांतल्या बायका ते भारूड ऐकताना पदर तोंडाला लावून हसतात, आणि सासवा सगळ्यात जास्त हसतात. पुढे कीर्तनकार त्याचा परमार्थ उलगडतो ते वेगळं, पण तोवर माणसं त्या सुनेच्या बाजूने झालेली असतात. आपल्या माणसांना वाईट पात्राच्या आत शिरता येत नाही असं म्हणायची सोय मराठवाड्यात तरी नाही.

खेळगोष्टींच्या जगातही असे नायक आहेत. ॲडम केडर यांच्या १९९९ च्या ‘व्हॅरिसेला’मध्ये आपण राजवाड्यातले एक कारस्थानी, नखरेल, निर्दय मंत्री असतो आणि सत्ता बळकवायला निघतो. तिथे वाचक टिकतो याचं मला दिसणारं कारण असं की भोवतालचे प्रतिस्पर्धी त्याच्याहून नीच आहेत, आणि डाव इतका अवघड आहे की पुन्हापुन्हा हरून वाचक स्वतःच कारस्थान शिकतो. स्टीफन बाँड यांची २००० ची ‘रामसेस’ उलट्या वाटेने जाते. तिथे नायक एक कुढा, घाबरट शाळकरी मुलगा आहे. आपण त्याला धीराची, चांगली गोष्ट करायला सांगतो आणि तो नाही म्हणतो, दर वेळी काहीतरी कारण काढून. आपलं सांगणं आणि त्याचं न करणं यातच ती गोष्ट आहे.

ही दुसरी वाट लेखकाला मोहाची वाटली. म्हातारीला पाणी द्यायची ओळ दाखवायची आणि दाबली की तात्यांनी नकार द्यायचा. मी विचारलं, तात्या भित्रे होते का? नव्हते. त्यांना देता येत होतं आणि त्यांनी दिलं नाही. मग ती वाट आपली नव्हती.

तू म्हणणारा कोण?

खरा घोळ मला त्या पानावरच्या दोन शब्दांत दिसत होता : ‘तू’ आणि ‘कर’.

हे दोन्ही शब्द या प्रकाराच्या जन्मापासूनचे आहेत. विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास गुहेत फिरायचा एक प्रोग्राम लिहिला, पुढच्या वर्षी डॉन वुड्स यांनी तो वाढवला. त्याच्या सूचनांत कॉम्प्युटर वाचणाऱ्याला सांगतो की मी तुझे डोळे आणि तुझे हात होतो, एक-दोन शब्दांत हुकूम दे. तेव्हापासून गोष्ट वाचकाला ‘तू’ म्हणते आणि वाचक गोष्टीला हुकूम सोडतो. २००९ साली क्रिस क्लिमस यांनी ट्वाइन आणलं, टाइप करायची गरज गेली, बोट ठेवलं की भागायला लागलं. पण सवय तीच राहिली.

इंग्रजीतला ‘यू’ लहानाला, थोराला, देवाला आणि कुत्र्याला एकच. मराठी ‘तू’ तसा नाही. तो आईचा असतो, देवाचा असतो, आणि भांडणाचा असतो. अनोळखी माणसाने पहिल्या भेटीत ‘तू’ म्हटलं तर आपण मान वर करून बघतो. ‘तू तिच्याकडे बघत नाहीस’ हे वाक्य मराठीत वाचणाऱ्याला वर्णन वाटत नाही. ते पंचायतीसमोर उभं करून सांगितल्यासारखं वाटतं. गुरुजींच्या पत्रातली चीड तीच होती : जे मी केलं नाही त्याचा ठपका माझ्यावर.

त्यात क्रियापदाची खोडी. ‘तू कॉक बंद केलास’ यात वाचणारा पुरुष की बाई ते कळत नाही, क्रियापद कॉकच्या मागे जातं. पण ‘तू घरी आलास’ म्हटलं की ते कळतं. सिस्टरने हे न शिकता अचूक पकडलं होतं. तिने लिहिलं की ‘आलास’ आलं की मला हायसं वाटतं, हे मला नाही म्हणत. ‘केलास’ आलं की पुन्हा मीच. म्हणजे तात्या घरी येतात तेव्हा सिस्टर मोकळी, आणि तात्या पाप करतात तेव्हा नेमकी ती अडकलेली. सेहेचाळीस पानं हाच खेळ चालला होता आणि तो लेखकाने ठरवून केलेला नव्हता.

भारुडात काय असतं? सोंग घेणारा ‘मी’ म्हणतो. मिशा असलेला गडी लुगडं नेसून ‘मी सून’ म्हणतो आणि सगळ्यांना ठाऊक असतं की हे सोंग आहे. सोंगात शिरायला लाज वाटत नाही, कारण ते आपण होऊन घेतलेलं असतं.

हे मला तेव्हाच इतकं स्वच्छ दिसलं असतं तर पुढच्या दोन दुरुस्त्या टळल्या असत्या. तसं झालं नाही.

पहिली दुरुस्ती, जी करायला नको होती

तात्यांबद्दल दया यावी म्हणून लेखकाने सुरुवातीला तीन पानं जोडली. तात्यांच्या वडिलांनी कर्जापायी आत्महत्या केलेली, तात्या तेव्हा शाळेत. प्रत्यक्षात असं काही घडलेलं नव्हतं. मी ती पानं वाचली आणि पाठवू नको म्हणाले नाही, ही माझी चूक. लिखाण नेटकं होतं म्हणून मी गप्प राहिले.

सिस्टरने तासाभरात फोन केला. आवाज चढलेला होता. “मॅडम, त्या पोराला सांगा, आमच्या घरात हे झालेलं आहे. आमच्या बापाचं मरण असं कुणाच्या कॉकला बांधू नका.”

यावर मला बोलायला काही नव्हतं. मराठवाड्यात हा विषय प्रत्येक तालुक्यात, कितीतरी घरांत जिवंत आहे. तो नायकाला दया मिळवून द्यायला वापरला की दोन्हीकडे खोटं होतं : मेलेल्या माणसाचं मरण साधन होतं, आणि तात्या जे करतात ते त्यांचं स्वतःचं राहत नाही, वडिलांच्या मरणाचा परिणाम होऊन बसतं. आम्ही ती पानं काढली. लेखकाने सिस्टरला फोन करून माफी मागितली.

दुसरी दुरुस्ती

मग त्याने म्हातारीच्या पानावर तीन वाटा दिल्या. कॉक बंद कर. एक हंडा भरून दे. सगळं पाणी गल्लीला सोड.

वाचणाऱ्या सगळ्यांनी पाणी दिलं. अर्ध्यांनी तर सगळं सोडलं. गोष्ट कुणी टाकली नाही, सगळे समाधानाने शेवटाला पोचले आणि दोन दिवसांनी कुणाला त्यातलं काही आठवत नव्हतं. तात्या दानशूर झाले होते. लेखक मला म्हणाला, “ताई, हे तात्या नाहीत. हे गणपती मंडळाचे अध्यक्ष आहेत.”

पण या खर्ड्याने एक गोष्ट शिकवली, आणि ती माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची आहे. वाचकाला ते पाणी फुकट होतं. टाकीत हजार लिटर आहे असं वाक्य लिहून आलं होतं. ते कुठून आलं, किती वेळात आलं, त्यावर कुणाचे पैसे लागलेत, हे वाचकाच्या अंगाला लागलेलंच नव्हतं. ते दिल्याने त्याचं काही जात नव्हतं. तात्यांचं जात होतं. वाचक आणि तात्या एका जागी उभेच नव्हते, मग एकाला दुसऱ्याचं दुखणं कळावं कसं? लेखकाला सगळं माहीत होतं कारण तो त्या टँकरवर बसलेला होता. त्याची माया त्याच्या डोक्यात होती, पानावर आलेली नव्हती.

मी त्याला म्हटलं, म्हातारीचं पान मिटव, आणि मला रात्रीचं सांग. टाकी भरायचे कशी?

बोअरची रात्र

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. शेताला थ्री फेज लाइट रात्रीची यायची. बारा वाजता येईल असं धरून तात्या दहालाच बोअरवर जाऊन बसायचे. लाइट आली की मोटर चालू. पाणी आधी भदाभदा यायचं, मग पिचकाऱ्या मारायचं, मग पाईप नुसती हवा ओकायला लागायचा. मोटर बंद करायची. अर्धा-पाऊण तास बोअरला पाणी साचू द्यायचं. पुन्हा चालू. आवाजावरून कळायचं की मोटर कोरडी चालली आहे. कळलं नाही आणि झोप लागली तर मोटर जळायची, मग सगळंच संपलं. पाच हजार लिटरची टाकी भरायला पहाट व्हायची. तात्या लोखंडी टाकीवर बोटाच्या पेराने ठोकत वरपासून खाली यायचे. आवाज जिथे बदलेल तिथपर्यंत पाणी. “टण टण टण, आणि मग ठप्प,” तो म्हणाला. “तो ठप्प आवाज माझ्या झोपेत यायचा.”

हे सगळं गोष्टीत कुठेच नव्हतं. सेहेचाळीस पानांत म्हातारी होती, भांडणं होती, रेल्वेच्या बातम्या होत्या, आणि रात्र नव्हती.

तिसऱ्या खर्ड्यात गोष्ट रात्रीपासून सुरू होते. ‘मोटर चालू करतो.’ बोट ठेवायचं. पाणी येतं. पिचकारी. ‘बंद करतो.’ मग एक पान, त्यावर फक्त अंधार, लांबून कुत्र्याचा आवाज आणि एक ओळ : ‘थांबतो.’ बोट ठेवलं की तसंच पान. पुन्हा ‘थांबतो.’ असं चार वेळा. लेखकाला धास्ती होती की वाचक कंटाळेल. मी म्हटलं, कंटाळू दे, तात्याही कंटाळत होते. मग ‘टाकी ठोकतो.’ टण. टण. टण. ठप्प. साडेतीन हजारच भरली आहे आणि लाइट गेली.

इथे सगळी गोष्ट ‘मी’वर आली हे दिसलंच असेल. हुकूम गेले. ‘कर’च्या जागी ‘करतो’. सिस्टरला विचारलं, आता पानोपानी ‘करतो’, ‘जातो’ आहे, तुला खटकतं का? ती म्हणाली, “नाही. गॅदरिंगमध्ये मी शिवाजी झाले होते, तसं आहे हे. मला कुणी काही म्हणत नाहीये, मी काम करतेय.”

रात्रीनंतर सकाळ. गोष्टीत एक हिशोबाची वही आली. ट्रॅक्टरचा हप्ता, ड्रायव्हरचा रोज, डिझेल. वही उघडली की खिशातले पैसे दिसतात, आणि ते डिझेलला पुरत नाहीत. पंपवाला उधार देत नाही. मग फोन वाजतो. इथे तीन वाटा आहेत, तिन्ही खऱ्या : एक हॉटेलवाला, एक बांधकामाचा कंत्राटदार, एक लग्नघर. कुणाकडूनही उचल घेतली तर डिझेल मिळतं आणि शेवटचं हजार लिटर त्याचं होतं. कुणाचीच उचल घेतली नाही तर टँकर पंपावर उभा राहतो, दुपार होते, आणि पुन्हा तोच फोन वाजतो. उचल कुणाची घ्यायची हे वाचक ठरवतो, ते नाव ट्वाइनच्या एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे निवड लक्षात ठेवणाऱ्या कप्प्यात, जाऊन बसतं आणि पंधरा पानांनी परत वर येतं.

म्हातारीचं पान आता असं आहे :

‘गल्लीच्या टोकाला म्हातारी उभी आहे. हातात हंडा. मी टाकी ठोकतो. हजारभर असेल. लग्नघराचं. ती म्हणते, “दादा, एक हंडा तरी द्या.”

कॉक बंद करतो.’

वाट पुन्हा एकच. मागे जायचा बाण काढून टाकावा का यावर आमचा वाद झाला. मी ठेवा म्हटलं. वाचकाला पळायचं असेल तर दार उघडं असावं. ते बरं झालं, नाहीतर बहिणीने पुढे जे केलं ते मला दिसलंच नसतं.

दुसरं वाचन

बहिणीने पहिल्या वेळी हॉटेलवाल्याची उचल घेतली होती. म्हातारीपाशी आली, वाचलं, आणि लगेच बाण दाबायला लागली. एक, दोन, सहा, पंधरा पानं मागे. फोनपर्यंत गेली. या वेळी लग्नघर निवडलं. पुन्हा सगळी गल्ली पार करून म्हातारीपाशी आली. थोडा वेळ बोट वर धरून थांबली, आणि कॉक बंद केला.

म्हातारीला पाणी मिळालं नाहीच. पण ते आता हॉटेलात जाणार नव्हतं. मी विचारलं, एवढं मागे कशाला गेलीस? ती म्हणाली, “अगं, मी आधीच विकलंय ते. निदान बऱ्या ठिकाणी तरी जाऊ दे.”

पहिल्या खर्ड्याच्या वेळी ती म्हणाली होती, मी नाही बंद करणार. आता म्हणाली, मी विकलंय. तिला तात्या आवडायला लागले असं अजिबात नाही. नंतर चहा पिताना तिने त्यांना दोन शेलक्या शिव्या दिल्या. पण त्या एखाद्या नात्यातल्या माणसाला द्याव्यात तशा होत्या.

नांदेडचा मुलगा शेवटपर्यंत गेला आणि त्याने रात्रीबद्दलच विचारलं, लाइट खरंच तशी यायची का. सिस्टर शेवटपर्यंत गेली. तिने मत दिलं नाही, एवढंच म्हणाली की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात टाकीचा कॉक बंद करताना हात थांबला.

गुरुजी मात्र नाराज राहिले, आणि त्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. ते म्हणाले, “तुम्ही वाचकाला आधी दमवलंत, मग पैशात अडकवलंत, आणि मग त्याच्याकडून होकार काढलात. सावकारही असंच करतो.” हे बरचसं खरं आहे. आमच्याकडे याला एकच उत्तर होतं : कॉक बंद झाल्यावरचं पान. तिथे तात्यांची सफाई नाही, पश्चात्ताप नाही. म्हातारी काही बोलत नाही, हंडा काखेला लावून वळते. पुढे लग्नघरी पाणी उतरवताना नवरीचा बाप तात्यांना पेढा देतो आणि वाचकाला तो खावा लागतो. गुरुजी म्हणाले, पेढ्याचं पान चांगलं आहे, बाकी माझं मत तेच.

मावशी

मावशींनी पहिला खर्डा म्हातारीच्या पानावर सोडला होता. दुसरा वाचला नाही. तिसरा मी स्वतः घेऊन गेले, त्यांच्या घरी, कारण त्यांना मोबाइलवर वाचायचा त्रास होतो. मी वाचत होते आणि त्या ऐकत होत्या. बोअरची रात्र त्यांनी पूर्ण ऐकली. टाकी ठोकायचा आवाज आला तेव्हा मान हलवली. मग म्हातारी आली. मी ‘कॉक बंद करतो’ वाचलं आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी हात पदराखाली घेतला. “नको मॅडम. तुम्ही बसा आत. मी तव्हा बाहीर उभी होते.”

मी काही म्हणाले नाही. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात त्या रात्र रात्र रांगेत बसलेल्या बाई आहेत. त्यांनी कुठल्या बाजूला उभं राहायचं ते मी किंवा त्या मुलाने सांगायचं नसतं. त्यांच्यासाठी गोष्ट आणखी वळवायची नाही, असं आम्ही ठरवलं. लेखकाला हे जड गेलं; सातांपैकी त्याला सगळ्यात जास्त त्यांचीच माया तात्यांना मिळायला हवी होती.

उठताना मी विचारलं, यात काही चुकलंय का? त्या म्हणाल्या, “हंडा चुकलाय.”

“म्हणजे?”

“स्टीलचा हंडा रातच्याला रांगेत कोण ठिवतंय? चोरी जातोय की. पिलास्टिकच्या घागरी असायच्या समद्यांच्या. लाल, निळ्या. आन् नंबर म्हणून मधी दगडं ठिवलेली. म्हातारीच्या हातात बी घागरच असंल.”

लेखकाला मी त्याच रात्री फोन केला. त्याने फाइल उघडली, शोधलं. हंडा अकरा ठिकाणी होता. अकराही ठिकाणी त्याने घागर केली. मग म्हणाला, “ताई, निळी करू का लाल?” मी म्हटलं, त्यांनाच विचार. सकाळी त्याने विचारलं. निळी.